सातवं ताट

माझ्या घरात तीन वेळा पेढे वाटले गेले. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी. शेजारीण डबा घेऊन दारात उभी राहिली, की झाकण उघडताच बाळ कोण ते कळतं. थोरल्याच्या वेळी सासरे स्वतः साताऱ्याला जाऊन कंदी पेढे घेऊन आले. मधल्याच्या वेळी गल्लीतल्या बायका ‘नशीब काढलंस बाई’ म्हणाल्या. धाकट्याच्या वेळी मात्र, तिसराही मुलगाच म्हटल्यावर, भेटायला आलेल्या एका मावशींनी हळहळून विचारलं, “एखादी मुलगी असती तर तुझ्या हाताखाली आली असती, नाही?”

हाताखाली. बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या तो शब्द मला लागला. मावशींनी मायेनंच विचारलं होतं आणि त्या खोटंही बोलत नव्हत्या. मी स्वतः सातव्या वर्षी आईच्या हाताखाली आले होते. मुलगी झाली असती तर तिच्या वाट्याची कामं तिच्या बारशाच्या आधीच ठरली असती. ही तीन मुलं माझ्या पोटी आली, तेव्हा त्यांच्या वाट्याला काम म्हणून काहीच ठरलेलं नव्हतं.

आता थोरला अकरा वर्षांचा आहे, मधला आठ आणि धाकटा चार. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत रोखपाल आहे. नवरा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत शिफ्टमध्ये काम करतो. सासू-सासरे आमच्यासोबत असतात. घरात माणसं सात, ओटा एक आणि मोरी एक. मुलग्यांची आई म्हणून या घरात मी जे शिकले, ते लिहावंसं वाटलं, कारण माझ्यासारख्या घरोघरी आहेत.

पेढ्यांच्या मागं एक हिशेब आहे. जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे किती मुली आहेत ते मोजतात. महाराष्ट्रात 2001 मध्ये हा आकडा 913 होता, 2011 मध्ये तो 894 वर आला. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात 2001 मध्ये 839 होता, 2011 मध्ये 863 झाला. जन्माआधी लिंग तपासण्यावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं 1988 मध्ये केला आणि 1994 मध्ये देशभरासाठी कायदा झाला. तरी आकडे हे असे. मुलगा व्हावा म्हणून माणसं काय काय करतात, ते यात दिसतं. पण झालेल्या मुलग्याला माणूस म्हणून कसं वाढवायचं, याची चर्चा बारशाला होत नाही आणि नंतरही होत नाही.

भातुकलीतला बाबा

थोरला पाच वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आली होती, त्याच्याच वयाची. दोघांनी माडीवर भातुकली मांडली. मी कपडे गोळा करायला गेले आणि जिन्यातच थांबले. भाची चूल मांडून खोट्या चपात्या लाटत होती. माझा मुलगा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसला होता. हातात वहीचा कागद वर्तमानपत्रासारखा धरलेला. मान वर न करता तो म्हणाला, “चहा आण. आणि पंखा लाव.”

पंख्याचं बटण त्याच्या हाताच्या अंतरावर होतं.

मी जिन्यातच बसले. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यानं पाच वर्षं घर बघितलं होतं आणि जे बघितलं ते मांडलं होतं. त्याचा बाबा वाईट माणूस नाही. भट्टीसमोर आठ तास उभं राहून आलेला माणूस बसणारच. पण मीही आठ तास नोटा मोजून आलेली असते आणि आल्या आल्या पदर खोचून ओट्याशी उभी राहते, हेही त्या पोरानं बघितलं होतं. दोन्ही बघून त्यानं स्वतःची जागा कुठली, ते ओळखलं होतं.

हे फक्त माझ्या घरातलं नाही. केंद्र सरकारचं सांख्यिकी कार्यालय ‘वेळेचा वापर’ असं एक सर्वेक्षण करतं. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, ते घरोघर जाऊन विचारतात. 2024 च्या सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला 289 मिनिटं वेळ जातो असं दिसलं. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. पुरुषांचा जातो 88 मिनिटं, आणि तोही जे पुरुष असं काम करतात त्यांचा. शंभरातले जेमतेम सत्तावीस पुरुष ते करतात, बायका एक्क्याऐंशीहून जास्त. या सर्वेक्षणात सहा वर्षांच्या पुढची सगळी माणसं मोजतात. हे वाचलं तेव्हा मी थबकले. माझा थोरला आणि मधला दोघंही त्या मोजणीत बसतात. ते कुठल्या आकड्यात जाणार, हे कोणी दिल्लीत ठरवत नव्हतं. ते माझ्या स्वयंपाकघरात ठरत होतं.

‘मदत’ हा शब्द आम्ही सोडला

सुरुवात मी चुकीची केली. मी म्हणायला लागले, “आईला मदत करा रे.” मुलं दोन दिवस करायची, तिसऱ्या दिवशी विसरायची. कारण मदत ही मनात आलं तर करायची गोष्ट आहे. काम आईचं, आपण उपकार करतोय, असा तिचा अर्थ. मग मी वाक्य बदललं. “आज ताटं कोणाकडे आहेत?” “कपडे कोणाकडे?” काम ज्याच्याकडे, ते त्याचं. विसरला तर ते तसंच राहणार आणि सगळ्यांना दिसणार.

कुठल्या वयाला कुठलं काम, हे मी करत करत शिकले. चार वर्षांच्या मुलाला मोज्यांच्या जोड्या लावता येतात, वाटाणे सोलता येतात, ताटं घेता येतात. फक्त ताटं स्टीलची हवीत आणि खालच्या कप्प्यात, त्याच्या हाताला लागतील अशी. मधला सात वर्षांचा झाल्यावर त्याला तांदूळ धुवायला दिले. पाणी किती ठेवायचं, ते मी त्याला बोटाच्या पेरानं दाखवलं. तांदळावर बोट टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी. मी हे माझ्या आईकडून शिकले होते आणि ती तिच्या आईकडून. मुलग्याच्या पेराला ते पाणी पहिल्यांदाच लागलं आमच्या घराण्यात. थोरला आता कुकर लावतो, शिट्ट्या मोजतो, वाफ पूर्ण जाईपर्यंत झाकणाला हात लावत नाही. कांदा चिरतो. कणीक मळायला त्याला आवडतं, कारण त्यात जोर लावता येतो. गॅसजवळ मात्र मोठं माणूस असल्याशिवाय जायचं नाही, हा नियम कोणासाठीही सैल होत नाही.

बाथरूमचंही सांगते, कारण मुलग्यांच्या आईला हे माहीत असतं आणि ती बोलत नाही. तीन मुलांच्या घरात शौचालयाची फरशी दिवसातून चार वेळा ओली होते. वर्षानुवर्षं ती मीच पुसत होते. आता ज्यानं सांडलं त्यानं पाणी ओतून, खराट्यानं ढकलून, हात धुऊन बाहेर यायचं. यासाठी मला महिनाभर दाराशी उभं राहावं लागलं. पण आपली घाण दुसरं कोणीतरी निस्तरतं, ही समजूत तिथंच सुटते, असा माझा अनुभव आहे.

या सगळ्याला वेळ लागतो. मधल्यानं धुतलेले अर्धे तांदूळ पहिल्या आठवड्यात मोरीत गेले. थोरल्याच्या राखणीत दोनदा दूध उतू गेलं. स्वतः केलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं, हे खरं आहे. सगळ्या आया इथंच माघार घेतात आणि मी त्यांना दोष देत नाही. सकाळी सातला दहा मिनिटं हीच संपत्ती असते. म्हणून नवी कामं मी रविवारी शिकवते आणि रोजच्या धावपळीत फक्त येत असलेली देते.

चिमटा कोण उचलतो

2006 साली जर्मनीत लायप्झिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दीड वर्षाच्या चोवीस बाळांसमोर मोठ्या माणसानं छोट्या छोट्या अडचणी उभ्या केल्या. दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडला आणि हात पोचेना. दोन्ही हातांत मासिकं आणि कपाटाचं दार बंद. त्यातली बहुतेक बाळं स्वतःहून पुढं आली, चिमटा उचलून दिला, दार उघडायला गेली. कोणी ‘शाब्बास’ म्हटलं नव्हतं. दोन वर्षांनी त्यांनीच दुसरा प्रयोग केला. वीस महिन्यांच्या ज्या बाळांना मदतीबद्दल खेळणं दिलं, ती नंतर मदतीला कमी पुढं आली. ज्यांना काहीच दिलं नाही, ती करत राहिली.

हे वाचताना मला आमची गच्ची आठवली. धाकटा चालायला लागला तेव्हा मी कपडे वाळत घालताना चिमट्यांची टोपली तोच धरायचा. एकेक चिमटा उचलून द्यायचा आणि मी घेतला नाही तर रुसायचा. प्रत्येक मूल असंच असतं, मुलगी असो वा मुलगा. त्या वयात ते केरसुणी ओढतं, पोळपाटावर चढतं, भांड्यांत हात घालतं. आपण त्याला म्हणतो, “जा, खेळ जा.” मुलगी असेल तर चार वर्षांनी परत बोलावतो. मुलग्याला बोलवायचं राहूनच जातं आणि मग वीस वर्षांनी त्याची बायको म्हणते, याला काही सुचत नाही.

पैशांची चूक मीही केली. एका उन्हाळ्यात मी कामाला पाच रुपये लावले. आठवडाभर घर चकचकीत होतं. मग एके संध्याकाळी सासूबाईंनी मधल्याला चष्मा आणायला सांगितला आणि त्यानं विचारलं, “किती देणार?” सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या उठल्या आणि स्वतः चष्मा आणला. त्या रात्री मी तो व्यवहार बंद केला. मुलांना सांगितलं, घरात माझ्या कामाचे पैसे कोणी देत नाही, आजीच्याही नाही. हे आपलं घर आहे म्हणून करतो. मधला रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं आजीचा चष्मा तिच्या उशाशी नेऊन ठेवला आणि अजून ठेवतो.

तालमीतला स्वयंपाक

सगळ्यात मोठी अडचण मुलं नव्हती. सासूबाईंना हे बघवत नव्हतं. “पोरग्यानं कुठं भांडी घासायची असत्यात व्हय? लोक काय म्हणतील?” त्या नातवाच्या हातातून घासणी काढून घ्यायच्या. त्यांचा राग माझ्यावर नव्हता. नातवाची किंमत कमी होईल, ही त्यांची भीती होती. त्यांच्या आयुष्यात ज्याच्या हाती घासणी त्याला किंमत नाही, असंच त्यांनी पाहिलं होतं.

हा तिढा सासऱ्यांनी सोडवला. ते तरुणपणी कागल तालुक्यातल्या आपल्या गावातून कोल्हापूरच्या तालमीत येऊन राहिले होते. खासबागच्या मैदानात कुस्ती करायची हे स्वप्न होतं. त्यांना ते जमलं नाही, पण तालीम त्यांच्या अंगात राहिली. एका रविवारी थोरला कणीक मळत होता आणि ती त्याच्या हाताला चिकटत होती. सासरे खुर्चीतून उठले, हात धुऊन आले, म्हणाले, “सरक.” आणि त्यांनी मूठ वळून, मनगटाचा भार देऊन कणीक अशी मळली की सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“तुम्हाला येतंय हे?”

“तालमीत कोण करत होतं मग? वीस पैलवानांच्या भाकऱ्या थापल्यात.”

मग ते सांगत राहिले. पहाटे उठून हौदा उकरायचा. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची. बदाम वाटून थंडाई करायची. बाजार, मटण, भांडी, झाडलोट सगळं पैलवानांनीच करायचं. नव्या पोरानं आधी झाडू धरायचा, मग लांग बांधायची. तिथं कोणाची पुरुषकी कमी झाली नाही. उलट जो कामाला चुकला, त्याला वस्ताद मातीत उतरू देत नसत.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “चाळीस वर्षं झाली लग्नाला.” सासरे खाली बघत राहिले. पुढं कोणी बोललं नाही, पण त्या दिवसापासून नातवाच्या हातातली घासणी सासूबाईंनी कधी काढून घेतली नाही. रविवारची कणीक आता आजोबा आणि नातू मळतात. माझा नवराही हळूहळू त्यात आला. दुसऱ्या पाळीला जायचं असेल तेव्हा सकाळचा डबा तोच भरतो.

दंगा आणि रडू

तीन मुलांचं घर म्हणजे दंगा. गादीवर कुस्ती, सोफ्यावरून उड्या, गुडघ्याला भोक पडलेल्या पँट्स. आधी मी प्रत्येक वेळी ओरडत होते. आता बघते, हा खेळ आहे की भांडण. फरक चेहऱ्यावर दिसतो. खेळात मुलं हसत असतात, मोठा मुद्दाम खाली पडून धाकट्याला वर येऊ देतो, आणि सुटल्यावर पुन्हा एकमेकांकडेच धावतात. भांडणात ओठ मिटलेले, मूठ आवळलेली, आणि सुटलेलं मूल लांब पळतं. खेळ असेल तर मी उशा सरकवून देते. त्या झोंबाझोंबीत मूल आपला जोर आवरायला शिकतं, समोरच्याला किती लागतं ते ओळखायला शिकतं. नियम आजोबांचा आहे: चीत झाला की सोडायचं, आणि “बास” म्हटलं की त्याच क्षणी हात काढायचा. “बास” ऐकणं हे मला सगळ्या अभ्यासाहून महत्त्वाचं वाटतं. पुढं आयुष्यभर कोणीतरी त्यांना ते म्हणणार आहे, आणि तेव्हा त्यांनी थांबायला हवं.

आणि रडणं. “पोरगं असून रडतोस?” हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. थोरला गेल्या वर्षी शाळेच्या फुटबॉल संघातून वगळला गेला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते पेठेतल्या माणसाला विचारा. तो घरी येऊन दप्तर आपटून भावावर ओरडला. मी त्याला मोरीच्या कट्ट्यावर बसवलं, म्हटलं, “राग आलाय की वाईट वाटतंय?” बराच वेळ त्यानं उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, “वाईट,” आणि रडला. मधल्यानं न सांगता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ज्या मुलाला ‘वाईट वाटतंय’ म्हणता येत नाही, तो ते ‘राग आलाय’ म्हणूनच बाहेर काढतो, आणि तो राग घरातल्या दुबळ्या माणसावर निघतो.

मुलग्यांना असं वाढवण्याच्या कामात मी एकटी नाही, असं मला दोन पुस्तकांनी वाटायला लावलं. बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीचं पुस्तक बदललं आणि त्यातल्या चित्रात बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. थोरला दुसरीत गेल्यावर ते चित्र त्यानं मला दाखवलं आणि “आपल्यासारखं” म्हणाला. दुसरं पुस्तक ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुस्तक रात्रीरात्रींनी पुढं जातं, म्हणून मी ते झोपताना एकेक रात्र वाचते. मायेचं पुस्तक म्हणून आपण त्याच्याकडे बघतो, पण त्यात ‘अर्धनारी नटेश्वर’ नावाचं एक प्रकरण आहे. त्यात श्याम घरकामात आईला हात देतो. हे पुस्तक लिहिण्याआधी अमळनेरच्या छात्रालयात हेच गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत आणि त्यांचे कपडे नीट ठेवत. नव्वद वर्षांपूर्वी महाराष्ट्राला हे सांगून झालं आहे.

रात्री साडेआठ

आमच्या घरात पूर्वी जेवणाच्या दोन पंगती असायच्या. आधी पुरुष आणि मुलं, मागून सासूबाई आणि मी. ठरवून कोणी तसं केलं नव्हतं. गरम चपात्या वाढायच्या म्हणून मी उभी असायची आणि सासूबाई माझ्यासाठी थांबायच्या. आता कामं वाटली गेल्यामुळं चपात्या आधीच होऊन डब्यात जातात आणि साडेआठला सगळे एकत्र बसतो. मुलं नऊला झोपली पाहिजेत. शाळकरी वयाला नऊ तास तरी झोप लागतेच आणि सहाला उठायचं असतं.

ताटं धाकट्याकडे असतात. तो खालच्या कप्प्यातून एकेक काढतो, नाव घेत ठेवतो: आजी, आजोबा, बाबा, दादा, भाऊ, मी, आई. गेल्या महिन्यात गावाकडचे एक नातेवाईक मुक्कामाला होते. त्यांनी माझं ताट बाजूला सरकवलं आणि त्याला म्हणाले, “आईचं राहू दे रे, ती मागनं जेवंल.” धाकट्यानं त्यांच्याकडे बघितलं. त्याला ते वाक्य कळलंच नाही. त्यानं पुन्हा मोजलं, आठ माणसं आणि सात ताटं, आणि कप्प्याकडे जाऊन माझ्यासाठी आणखी एक ताट घेऊन आला.

मी बसले. थोरल्यानं वाढलेला भात अजून गरम होता.